ओइवाकाकाने 'हो' लिहिलं

हेलसिंकी, ९ जानेवारी १९९६

प्रिय ओइवाकाका,

फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यांच्यापलीकडे जात नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. कामाचं आहे, तेव्हा चष्मा लावून वाच.

मंत्रालयात मला बढती मिळाली. बढती म्हणजे खुर्ची तीच, खिडकीही तीच, पण आता मी एका समितीची चिटणीस आहे. बेकारभत्ता घेणारी माणसं मिळेल त्या कामावर का जात नाहीत, हे शोधायला नऊ जणांची समिती नेमली आहे. अध्यक्ष प्राध्यापक फोर्सब्लोम यांचं म्हणणं सोपं आहे. भत्ता ही मऊ उशी आहे, उशी काढून घेतली की माणूस आपोआप उठतो. बाकीचे आठ जण माना डोलावतात आणि वेलदोड्याचे गोड पाव खातात. बैठक दोन तासांच्या वर गेली तरच सदस्यांना बैठकीचे पैसे मिळतात, त्यामुळे ती नेहमी दोन तास पाच मिनिटं चालते. शेवटचा अर्धा तास आम्ही थंडीवर बोलतो.

आता अडचण अशी, की अहवालात एखाद्या खऱ्याखुऱ्या बेकार माणसाचं म्हणणं हवं असं वरून सांगून आलंय. समितीत कुणाच्याच ओळखीत बेकार माणूस नाही. देशात गल्लोगल्ली बेकार आहेत, पण या नऊ जणांची त्यांच्याशी गाठ पडत नाही. माझी ओळख आहे, आणि ती तुझी.

तीनच प्रश्न आहेत. दिवसभर काय करतोस? सकाळी अंथरुणातून कशामुळे उठतोस? आलेलं काम कधी नाकारलंस का? तुझं नाव कुठेही येणार नाही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. बाबा गेल्यावर मला वल्हं मारायला शिकवताना तू जसं तोंडावर सांगायचास, 'हेल्का, होडी गोल फिरतेय', तितक्या प्रामाणिकपणे लिही.

तुझी,
हेल्का


कुरेनलाहती, २१ जानेवारी

प्रिय हेल्का,

चष्मा लावला. प्रश्न उलट्या क्रमाने घेतो.

काम नाकारलं का? नाकारायला ते आधी यावं लागतं. कागद गिरणी बंद पडून तीन वर्षं झाली. तेव्हापासून मला एकच काम सांगून आलं, तेही इथून दोनशे किलोमीटरवर, नर्तक हवा होता. कचेरीतल्या यंत्राने पाठवलं असावं. मी गेलो. त्यांनी कॉफी दिली आणि परत पाठवलं.

सकाळी कशामुळे उठतो? इतर दिवशी सवयीने. शनिवारी सौनामुळे. किनाऱ्यावरची गिरणीची जुनी सौना तुला आठवत असेल, लहानपणी तू तिच्या पायरीवर सॉसेज खात बसायचीस. गिरणीच्या लाकडी खोल्यांमध्ये न्हाणी कधी नव्हतीच, सगळे कामगार तिथेच न्हायचे. गिरणी गेली, तरणे लोक गेले, खोल्यांत अकरा म्हातारी माणसं उरली. सौनाची किल्ली खिळ्याला लटकत होती. मी ती घेतली. मला कुणी दिली नाही आणि कुणी अडवलंही नाही.

तेव्हापासून दर शनिवारी सहाला जातो. लाकडं फोडतो, सरोवराच्या बर्फात भोक पाडून चाळीस बादल्या पाणी वाहतो, भट्टी पेटवतो. दगड तापायला पाच तास लागतात, मग त्यांवर पाणी टाकून वाफ काढायची. दोन ते चार बायका, पाच ते सात पुरुष. सेल्माबाईंची पाठ आठवड्यातून त्या एकाच दिवशी सरळ होते. आर्ने विल्पुला अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे, त्याला हात धरून वरच्या, जास्त गरम बाकावर चढवावं लागतं. खालच्या बाकावर बस म्हटलं की म्हणतो, 'तिथे पोरं बसतात.' सगळ्यांचं झालं की मी फरशी धुतो आणि घरी जातो. दिवसभर काय करतोस, याचं हे शनिवारपुरतं उत्तर. बाकीचे सहा दिवस मी लाकडं वाळवतो.

एक गोष्ट तुझ्यामुळे झाली, ती सांगतो. चार आठवड्यांचा भत्त्याचा फॉर्म याच सुमारास भरायचा होता. त्यात विचारतात, 'या काळात आपण काही काम केलंत का?' तीन वर्षं मी 'नाही' लिहीत आलो. या वेळी तुझं पत्र शेजारीच पडलं होतं, प्रामाणिकपणे लिही म्हणणारं. मी विचार केला, सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत, चार शनिवार. हे काम नसेल तर मग गिरणीत बटण दाबून उभा राहायचो ते काय होतं? मी 'हो' लिहिलं. मजुरीच्या रकान्यात शून्य.

तुझा,
ओइवा


हेलसिंकी, २५ जानेवारी

प्रिय काका,

तुझं पत्र वाचताना मला तुझा फार अभिमान वाटला, आणि शेवटच्या परिच्छेदावर मी कपाळाला हात लावला.

अरे, प्रामाणिकपणे मला लिही म्हटलं होतं, त्यांना नाही. तीन वर्षं 'नाही' लिहीत होतास आणि सगळं सुरळीत चाललं होतं ना? त्या चौकटीत 'हो' आलं की कारकुनाला फाइल बाजूला काढावीच लागते. मग चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत भत्ता बंद. यात कुणाचा आकस नसतो, नियमच तसा आहे. मला माहीत आहे कारण तो नियम मी टंकलिखित केला होता.

अजिबात उशीर न करता दुसरं पत्र टाक. लिही की चुकून 'हो' लिहिलं गेलं आणि सौना हा तुझा छंद आहे. छंदाला कुणी विचारत नाही. एवढं माझं ऐक.

तुझी माहिती मी समितीत वाचून दाखवली, नाव न सांगता. सेल्माबाईंच्या पाठीपाशी एक सदस्यबाई हळव्या झाल्या. फोर्सब्लोम म्हणाले, 'छान आहे, पण यात आकडा कुठे आहे?' मग पाव आले.

तुझी,
हेल्का


कुरेनलाहती, ११ फेब्रुवारी

प्रिय हेल्का,

छंद म्हणून लिहायला बसलो होतो. हात चालला नाही. छंद म्हणजे मासे पकडणं. उणे पंचवीसमध्ये चाळीस बादल्या छंद म्हणून कोणी वाहत नाही, आणि वाहत असेल तर त्याला भत्ता नको, डॉक्टर हवा.

भत्ता थांबला. रोजगार कचेरीचं पत्र आलं, सात प्रश्नांचं. मी सगळ्यांची उत्तरं दिली. धंद्याचा मालक कोण? कोणी नाही, किल्ली माझ्याकडे आहे. धंदा नफ्यात आहे का? अकरा माणसं स्वच्छ आहेत. सौनाच्या आत बसलेला वेळ काम धरायचा की फुरसत? यावर मी दोन दिवस विचार केला. पहिला अर्धा तास काम, कारण वाफ बेताची आहे की नाही ते बघावं लागतं. त्यानंतरचा माझा.

हे सगळं द्यायला कचेरीत गेलो. काचेमागे तुओवी बसते. ती आणि मी शाळेत एका बाकावर होतो, आणि सेल्माबाई तिची आई. दर शनिवारी तीच आईला धरून सौनात आणते. पण काचेमागे तिचा आवाज वेगळा असतो.

'अर्जदार रौतसालो,' ती म्हणाली, 'उत्तरं मिळाली. निर्णयाला सहा आठवडे लागतील.'

'तुओवी, मला ओइवा म्हण की.'

'चारनंतर म्हणेन.' मग तिने इकडेतिकडे बघितलं आणि काचेच्या भोकापाशी वाकली. 'तू 'हो' कशाला लिहिलंस रे? 'नाही' लिहिलं असतंस तर शिक्का मारून मोकळी झाले असते. सबंध जिल्ह्यात तीन वर्षांत 'हो' लिहिणारा तू पहिला. आम्हाला त्याची फाइल कोणत्या कपाटात ठेवतात तेसुद्धा माहीत नव्हतं.'

'खरं विचारलं, खरं सांगितलं.'

'मग आता खरं ऐक. निर्णय होईपर्यंत सौना तापवायची नाही. तापवलीस तर त्या दिवशी तू कामाला उपलब्ध नव्हतास असं मला धरावं लागेल.'

'शनिवारी कुठलं काम येणार आहे?'

'ते मला काय माहीत? पण आलं तर तू मोकळा हवास.' तेच लिहिलेला कागद तिने शिक्का मारून माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, 'आता शनिवारी आईला कुठे नेऊ?'

ते मला विचारत होती की स्वतःला, कळलं नाही.

कागदावर शिक्का आहे, म्हणून मी मानलं. दोन शनिवार सौना थंड आहे. आर्ने काठी टेकत खाली आला होता, पंचा काखेत घेऊन. त्याला फॉर्मचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'म्हणजे पुढच्या शनिवारी तापेल ना?'

तुओवीनेच एक वाट काढली आहे. नगरपालिका मला रीतसर नेमणार, शनिवारचा सौना तापवणारा, आठवड्यातून एक दिवस, पगारी. मग ते खरं काम होईल आणि चौकशीची गरजच उरणार नाही. उत्तर महिनाअखेर द्यायचंय. घेऊ का? हिशेब तुझा विषय, म्हणून विचारतो. जेवणाची काळजी करू नकोस, बर्फाखालचे मासे फॉर्म मागत नाहीत.

तुझा,
ओइवा


हेलसिंकी, १६ फेब्रुवारी

प्रिय काका,

दुपारच्या सुट्टीत मंत्रालयाच्या यंत्रावर तुझा हिशेब तीनदा मांडला. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, म्हणून स्पष्ट लिहिते. ही नोकरी घेऊ नकोस.

एक दिवसाचा पगार घेतलास की भत्ता त्या प्रमाणात कापतात. ते ठीक आहे. पण मग दर महिन्याला पगाराची चिठ्ठी तपासून झाल्याशिवाय उरलेला भत्ता निघत नाही, आणि तपासायला तीन-चार आठवडे जातात. शिवाय घरभाड्याची मदत कमी होते. शेवटी हातात घरी बसण्यापेक्षा कमी पडतं, आणि तेही उशिरा. दोन दिवस काम केलंस तरी कमीच. तीन दिवस केलंस तर जवळजवळ बरोबरी होते, पण कुरेनलाहतीत आठवड्यातून तीनदा कोण न्हातं?

सहा आठवडे गप बस. निर्णय तुझ्या बाजूने लागेल, भत्ता मागल्या तारखेपासून मिळेल. मी तुझी सख्खी पुतणी म्हणून सांगते आहे, चिटणीस म्हणून नाही.

इकडे अहवालाचा मसुदा तयार होतो आहे. खूप काम आहे, त्यामुळे थोडक्यात आटोपते.

तुझी,
हेल्का


कुरेनलाहती, ३ मार्च

प्रिय हेल्का,

तुझा हिशेब भिंतीला लावलाय. त्यात चूक नाही. तुओवीनेही काचेमागे केला होता, तिचंही उत्तर तेच.

तिसरा शनिवारही थंड गेला. त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी आर्ने गेला. डॉक्टर म्हणाले हृदय, अठ्ठ्याऐंशी वय, सौना तापली असती तरी गेलाच असता. माझाही त्यावर विश्वास आहे. पण तो तीन शनिवार पंचा घेऊन आला होता आणि तीनही वेळा मी त्याला परत पाठवलं. ते मला सोसत नाही, हेल्का. शिक्क्याचा कागद दाखवून मी एका माणसाला न न्हाता जाऊ दिलं.

इथल्या जुन्या माणसांना अजून सौनातच धुवून पोचवायची रीत आहे. तुझ्या आजोबांनाही तसंच धुतलं होतं. दवाखान्याची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. मी किल्ली घेतली आणि सौना तापवली. फार नाही, मेलेल्या माणसाला बेताचीच ऊब देतात. गुरुवार, कामाचा दिवस, भर दुपार. मी कुठल्याच कामाला उपलब्ध नव्हतो.

बादल्या वाहताना मागे पावलं वाजली. तुओवी होती, कचेरीतल्या कपड्यांत, पायात घरचे बूट. कचेरी चारला बंद होते आणि तेव्हा दोनच वाजले होते. मी घड्याळाकडे बघितलं.

'काय बघतोस?' ती म्हणाली. 'काचेवर पाटी लावून आलेय. लगेच येते म्हणून.'

'नोकरी जाईल तुझी.'

'मग मीही येईन तुझ्या रांगेत. दुसरी बादली दे.'

आम्ही दोघांनी त्याला धुतलं. डोकं मी धरलं. त्याला वरच्या बाकावर ठेवलं, खालच्या नाही.

पुढचा चार आठवड्यांचा फॉर्म मी भरला. काम केलंत का? हो, एक दिवस. कामाचं स्वरूप? मृतासाठी सौना तापवली. मजुरी शून्य. तुओवीने तो माझ्यासमोर वाचला, शिक्का हातात घेतला, मग खाली ठेवला आणि नाक शिंकरलं. 'अर्जदार,' ती म्हणाली, 'याला कपाटच नाही.'

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत जाऊन मी सही केली. काल, शनिवारी, पहिला दिवस होता. हातात कमी पडणार हे तुझ्यामुळे नेमकं किती ते कळलं, त्याबद्दल आभार. दहा माणसं न्हाली.

तुला एक विचारायचंय. तुझं पत्र पुन्हा वाचलं. त्यात लिहिलंयस की चिटणीस म्हणून सांगत नाही. मग चिटणीस म्हणून काय सांगितलं असतंस?

तुझा,
ओइवा


हेलसिंकी, २० मार्च

प्रिय काका,

दोन आठवडे उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिताना लाज वाटत होती. आता लिहिते.

चिटणीस म्हणून मी जे सांगितलं ते मसुद्यात आहे. पान एकतीस, मीच लिहिलेलं. 'भत्ताधारक व्यक्ती फायद्यातोट्याचा विचार करून लहान कामं नाकारतात. सबब भत्त्यात कपात केल्याशिवाय त्यांना कामाकडे वळवता येणार नाही.' शेजारी तक्ता, त्यात उदाहरण 'ब'. पुरुष, वय सत्तावन्न, आठवड्यातून एक दिवसाचं काम देऊ केलं, नाकारलं. तुझं उत्तर येण्याआधीच मी ते नाकारून टाकलं होतं. ज्या दुपारी तुला 'घेऊ नकोस' म्हणून लिहिलं, त्याच दुपारी, त्याच यंत्रावर. काका, कुरेनलाहतीत काम नाकारायला लावणारी एकच गोष्ट निघाली, आणि ती मी.

तुझं पत्र आल्यावर मी उदाहरण दुरुस्त केलं. 'नाकारलं' खोडून 'तोटा माहीत असून स्वीकारलं' असं लिहिलं आणि बैठकीत मांडलं. फोर्सब्लोम यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, 'याला कोणत्या रकान्यात घालणार?' रकाने दोनच आहेत, उशी असलेले आणि उशी काढलेले. मी म्हटलं, रकाने चुकीचे असतील. नऊच्या नऊ जणांनी पाव खाली ठेवले. त्या दिवशी बैठक तीन तास चालली, आणि कुणीही हवामानाचा विषय काढला नाही.

मतदान झालं. तुला तक्त्यातून काढलं. खाली तळटीप घातली आहे, ती जशीच्या तशी देते. 'एक उत्तर विश्लेषणातून वगळले आहे. उत्तरदात्याला प्रश्न समजला नसावा.'

अहवाल शुक्रवारी छापायला जातो. मी त्यावर माझं नाव घालू नका असं सांगितलं. चिटणिसाचं नाव तसंही घालत नाहीत, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आर्नेसाठी मी रडले. मी लहान असताना त्याने मला खालच्या बाकावरून एकदा वर घेतलं होतं.

तुझी,
हेल्का


कुरेनलाहती, २४ मार्च

प्रिय हेल्का,

प्रश्न मला समजला होता.

तू लाजू नकोस. होडी गोल फिरत होती एवढंच, आणि तुझी तुलाच कळली. सगळ्यांना नाही कळत.

तुओवीची नोकरी शाबूत आहे. पाटीबद्दल वरून विचारणा आली होती, तिने खुलासा दिला. माझा थांबलेला भत्ता मात्र अजून अडकलाय, कारण आता मी नोकरदारही आहे आणि बेकारही, आणि मला ठेवायला त्यांनी नवीन कपाट मागवलंय. तोवर बर्फ जाड आहे आणि मासे लागताहेत.

शनिवारी ये. पहिल्या गाडीने आलीस तर दोनला पोचशील, ते चालणार नाही. शुक्रवारी ये आणि सकाळी सहाला किनाऱ्यावर उभी राहा. माझे खांदे दुखताहेत, चाळीसपैकी वीस बादल्या तुझ्या. घरातले जाड हातमोजे आण, मंत्रालयातले नको. सेल्माबाईंना तू वर चढवायचं, त्या तुला ओळखतात.

पैसे मिळणार नाहीत. फॉर्ममध्ये काय लिहायचं ते तुझं तू ठरव.

तुझा,
ओइवा